मृगभाग

त्रेतायुग उतरणीला लागले होते, तेव्हाची ही कथा. दंडकारण्याच्या उत्तर सीमेवर शमीवर्ण नावाचे तपोनिष्ठ ऋषी आपली एकुलती कन्या उर्वरा हिच्यासह राहत होते. सलग तीन वर्षे पर्जन्याने त्या वनाकडे पाठ फिरवली होती; ओढे आटले, तृण करपले, आणि ज्या वृक्षांखाली एके काळी मयूर विसावत, त्यांच्या साली भुकेल्या हरणांनी सोलून खाल्ल्या. त्या उजाड प्रदेशात हिरवे असे एकच स्थळ उरले होते, ते म्हणजे पर्णकुटीमागची उर्वरेची बाग. दूरच्या झऱ्यावरून डोक्यावर घडे वाहून तिने थोडी चवळई, एक पडवळ आणि काकडीचा एक वेल जगवला होता.

पर्जन्यासाठी शमीवर्णांनी एकवीस दिवसांचे निराहार व्रत आरंभले होते. नियम कठोर होता. आश्रमाच्या मातीत पिकलेल्या फळानेच वद्य द्वादशीच्या पहिल्या प्रहरात पारणे करायचे. प्रहर टळला, की व्रत निष्फळ. आणि त्या वेलावर काकड्या होत्या दोनच.

हरणे रोज येत. उर्वरेने बोरीच्या काट्यांचे कुंपण घातले, ते त्यांनी उडी मारून ओलांडले. गवताचे बुजगावणे उभे केले, ते त्यांनी खाऊन टाकले.

"तात, ही हरणे नव्हेत, शिंगांचे असुर आहेत!" ती संतापून म्हणाली.

"त्यांनाही आपल्यासारखाच उपवास घडतो आहे, बाळ," शमीवर्ण क्षीण स्वरात म्हणाले. "त्यांनी संकल्प केलेला नाही, एवढाच भेद."

उर्वरेला असला धीर मानवणारा नव्हता. एकादशीच्या प्रभाती आकाशात फिकट चंद्रकोर दिसताच तिने त्या ओषधिनाथाला अर्घ्य दिले आणि अशी कळवळून हाक मारली, की साक्षात सोमदेव बागेच्या कडेला अवतरला. त्याच्या कुशीत एक हरीण निश्चिंत झोपले होते.

"ज्याच्या कुशीत हरीण, त्याच्याकडे हरणांचे गाऱ्हाणे?" सोम हसला.

"पोरांनी खोड्या केल्या, की त्यांच्या वडिलांच्याच दारी जावे लागते, मृगांका! मला वर द्या. भुकेल्या कोणत्याही जिवाने माझ्या बागेत पाऊल टाकू नये!"

"नीट विचार केलास?"

"विचार करीत बसले, तर पडवळही जाईल!"

"तथास्तु," सोम म्हणाला.

त्या दिवशी हरणे कुंपणापाशी येऊन जणू अदृश्य भिंतीला थटली. उर्वरेने टाळ्या पिटल्या. एकादशीचा उपवास तिलाही होता, पण आनंदात भूक जाणवली नाही.

द्वादशीच्या सकाळी मात्र ती काकडी तोडायला निघाली आणि सीमेवर तिचे पाऊलच उचलेना. तिने जोर लावला, विनवण्या केल्या, शेवटी बागेलाच शिव्या दिल्या. ऋषी काठी टेकत आले. त्यांचेही पाऊल तिथेच अडले.

"नेमके शब्द काय होते तुझे?"

"भुकेल्या... कोणत्याही जिवाने..." बोलता बोलता तिचा चेहरा उतरला.

"मग त्यात तू आलीस, मीही आलो."

कुटीत मूठभर भिजवलेले नीवार, म्हणजे रानातले भात, तिच्या पारण्यासाठी ठेवलेले होते. ते खाऊन आत जावे, तर पारण्याच्या दिवशी व्रतस्थाआधी घरातल्या कुणी अन्न घेतल्यास व्रत भंगत असे. सावल्या आखडू लागल्या. एकवीस दिवसांची तपश्चर्या आपल्या एका उतावळ्या वाक्यापायी मातीला मिळणार, या जाणिवेने उर्वरेचे डोळे भरून आले.

"घरातल्यांना आधी वाढता येत नाही," शमीवर्ण हळूच म्हणाले, "अतिथीला येते."

"या रानात अतिथी कुठला, तात?"

उत्तर कुंपणापाशीच उभे होते. परवा तिने जिला काठीने पिटाळले, त्या हरिणीचे पाडस मान उंचावून तिच्याकडे पाहत होते. उर्वरा गुडघ्यांवर बसली, नीवाराची ओंजळ पुढे केली. "या, अतिथी. उशीर झाला, क्षमा असावी."

पाडसाने शेवटचा दाणा चाटून घेतला, आणि पोट भरताच एक उडी मारून थेट बागेत शिरले! पानांना त्याने तोंडही लावले नाही. ते नुसते बागडत राहिले आणि काकडीच्या वेलात पाय गुंतवून बसले. बाहेरून हरिणीने साद घातली, तसे ते वेलासकट धावत सुटले. सीमेबाहेर, उर्वरेच्या पायांशी, दोन्ही काकड्या येऊन पडल्या. प्रहर संपायला घटकाभर वेळ उरला असताना पारणे झाले.

सोम पुन्हा प्रकटला. "वर मागे घेता येत नाही, कन्ये. पण त्याला काही जोडायचे आहे?"

या खेपेस उर्वरेने आधी कुंपणाबाहेरच्या हरणांकडे पाहिले आणि एकेक शब्द मनात तोलला.

"देवा, कुंपणाबाहेरचा पहिला वाफा मी हरणांसाठी पेरीन. तो कधी सुकू नये."

"तथास्तु! आणि जो असा वाफा राखील, त्याच्या आतल्या बागेचा मी राखणदार."

त्या वर्षी मेघ वेळेवर आले. वर आजही उभा आहे, असे त्या वनातले लोक मानतात. म्हणून तिथे कुणी उपाशीपोटी बागेत कामाला उतरत नाही, आणि कुंपणाबाहेरच्या पहिल्या वाफ्याला मृगभाग म्हणतात. पेरणीची पहिली मूठ तिथेच पडते.