दोन मोऱ्यांचे तळे

एका गावात एक मुलगी दूरदेशी यंत्रविद्या शिकून परत आली. तिला वाटले होते, उन्हाळा असला तरी तळ्यात गुरांपुरते पाणी असेल. दिसला तो भेगाळलेला गाळ, आणि ओलावा हुंगत फिरणारी गुरे.

"पाणी चोरीला गेलं," लोक म्हणाले.

तळ्यावर पिकांना पाणी सोडणारे दोन पाटकरी होते, एक उजव्या पाटाचा, एक डाव्या. बांधाच्या मध्यावर खुणेचा दगड होता. त्याच्या रेघेखालचे पाणी गुरांचे, वरचे पिकांचे. पिकांना एका वेळी द्यायच्या पाण्याला पाळी म्हणत. रीत अशी, की आधी दगड पाहायचा, मग बांधाच्या आपापल्या टोकाला मोरीवर, म्हणजे पाणी सोडायच्या भोकावर, जाऊन तिची फळी उचलायची. बांध वळणाचा, त्यामुळे एका मोरीवरून दुसरी दिसत नसे.

मुलीने दोघांना विचारले.

"ताई, आईची शपथ! रेघेवर एका पाळीचं पाणी होतं. मी एकच पाळी सोडली," उजवा म्हणाला.

डावा उसळला, "मग मी काय आंधळा? मीही तेवढंच पाहिलं, तेवढंच सोडलं!"

"मग रेघेखालचं तुझा बाप प्याला?" उजवा ओरडला.

मुलीच्या ध्यानात आले: दोघेही खरे बोलत होते. उजवा दगड पाहून मोरीकडे चालला होता, तेवढ्यात डाव्यानेही तोच दगड पाहिला. पाणी एका पाळीचे, सुटल्या दोन. दुसरी गेली ती गुरांच्या पाण्यातून.

आकडेमोडीच्या यंत्राच्या पोटात जणू अनेक कामकरी एकाच वेळी एकच आकडा बदलत असतात. तिथे पाहणे आणि बदलणे एका दमात व्हावे लागते, मध्ये दुसऱ्याचा हात चालत नाही, हे ती शिकली होती. माणसे प्रामाणिक असली की एवढी काळजी लागत नाही, असे मात्र तिला वाटे.

तिने चावडीवर सगळे सांगितले.

"चोर असता तर धरला तरी असता गं पोरी," एक म्हातारी म्हणाली. "आता रागवू कुणावर?"

संध्याकाळी गुरे दूरच्या नदीकडे हाकलली. काही वाटेतच बसली, ती उठली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठरवले: दोन्ही मोऱ्या बुजवायच्या आणि दगडालगत एकच काढायची. फळीवर ज्याचा हात, त्यानेच दगड पाहायचा. फळी परत बसेपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. बरोबर कोणी आले नाही. ती एकटीच कुदळ घेऊन कोरड्या तळ्यात उतरली.

तात्पर्य एवढेच: सामायिक गोष्टीत पाहणे आणि करणे यांच्यामध्ये फट राहिली, तर खऱ्या माणसांच्या हातूनही नाश होतो.