अमकी मुंगीची कुलूपबंद चिठ्ठी

फार जुनी गोष्ट, बाळा. तेव्हा घरात शिंकं टांगलेलं असायचं. शिंक्यात दाणे असायचे. आणि मुंग्यांची चिठ्ठी डबीतून यायची.

एक होती अमकी मुंगी. एक होती ढमकी मुंगी. दोघी जिवाच्या मैत्रिणी. ढमकी गेली लांब, ओढ्यापलीकडे. जाताना म्हणाली, "चिठ्ठी पाठवीन. डबीला कुलूप लावीन. एक किल्ली तुला, एक मला. दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही हं!"

एक दिवस डबी आली. अमकी धावली. तुरुतुरु तुरुतुरु. किल्ली निसटली. टिंग! फटीत पडली.

अमकी गेली फलाण्या उंदराकडे.
"उंदीरदादा, फट उकर. किल्ली मिळेना, डबी उघडेना."
"पोट रिकामं आहे गं. आधी दाणा आण."

तुरुतुरु तुरुतुरु. शिंक्याकडे.
"शिंक्या शिंक्या, दाणा टाक. उंदीर उकरेना, किल्ली मिळेना, डबी उघडेना."
"मला हलवणार कोण? वाऱ्याला बोलाव."

तुरुतुरु तुरुतुरु. वाऱ्याकडे.
"वाऱ्या वाऱ्या, आत ये. शिंकं हलेना, उंदीर उकरेना, किल्ली मिळेना, डबी उघडेना."
"येऊ कसा? खिडकीला कडी. पालीला सांग."

खिडकीवर होती बिस्तानी पाल. सगळ्यांचं चोरून ऐकायची. अमकी जरा लांबच थांबली.
"पालताई, कडी काढ. वारा येईना, शिंकं हलेना, उंदीर उकरेना, किल्ली मिळेना, डबी उघडेना."
"चुक चुक! चिठ्ठीत काय आहे ते मला सांगशील? तर काढीन."

अमकीचे डोळे भरले. "नाही सांगणार. ढमकीला शब्द दिलाय."

पाल जरा जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "मला कुणी चिठ्ठीच लिहीत नाही गं. म्हणून दुसऱ्यांचं ऐकते."

"मी लिहीन की! कुलूप लावून. किल्ली फक्त तुला."
"खरंच?"
"खरंच."

पालीने शेपटी मारली. खट्! कडी निघाली.
सूं सूं! वारा आला.
झुल झुल! शिंकं हललं.
टप्प! दाणा पडला.
खुर खुर! उंदराने उकरलं.
टिंग! किल्ली मिळाली.
कट्! डबी उघडली.

अमकीने चिठ्ठी वाचली. हसली. डोळे पुसले. पुन्हा वाचली. मग लिहायला बसली. एक चिठ्ठी ढमकीला. एक चिठ्ठी पालीला.

पालीने आपली डबी उघडली. वाचलं. गोड हसली.
उंदीर म्हणाला, "काय गं लिहिलंय?"
पालीने चिठ्ठी पोटाशी धरली.
"चुक चुक! सांगणार नाही!"