दारातली उघडी हंडी

फार पूर्वी, वाराणसीत ब्रह्मदत्त राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व नगराबाहेरच्या व्याधांच्या वस्तीत जन्मला होता. त्याचे नाव अमरक. तरुणपणी कड्यावरून पडून त्याचा पाय अधू झाला आणि भाला टाकून त्याने पळी हाती घेतली. भाऊ वारल्यावर भावजय मुंडिका आणि तिचे मुलगे खदिर आणि पिंगल यांच्या घरी तोच रांधत असे.

त्या वस्तीत एक रीत होती. संध्याकाळी चुलीवरून उतरलेली हंडी झाकण न घालता दारात ठेवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याने तिच्यात डोकवायचे. वर मांस दिसले तर घर मर्दाचे. पाला दिसला तर लोक विचारायचे, "काय हो, तुमच्याकडे शेळ्या जेवतात वाटतं?"

जवळचे रान कधीच ओस पडले होते. ससे संपले, हरणे संपली. हंड्या मात्र उघड्याच राहिल्या. एका संध्याकाळी खदिरच्या दारातल्या हंडीत कोहळ्याच्या फोडी दिसल्या. शेजारचा कोरक पोट धरधरून हसला.

"खदिर, भाल्याला कोंब फुटले की काय रे तुझ्या?"

 सकाळी खदिर एकटाच नदीपलीकडच्या बोरूच्या बेटात शिरला. तिथे एक म्हातारे रानडुक्कर राहत असे आणि वस्तीतला कोणीही तिकडे फिरकत नसे. पिंगलने भावाला पाठीवर घालून घरी आणले, तेव्हा त्याचे अंग गार पडले होते.

पिंगल रडला नाही. तो पेटला. चितेचा धूर विरण्याआधीच त्याने भाला उचलला. मुंडिकेने त्याच्या पायांना मिठी मारली.

"एक दिला मी त्या बेटाला. दुसरा नाही देणार."

"सोड, आई."

"माझ्यावरून पाय टाकून जा."

तेवढे त्याच्याने झाले नाही. पण दात आवळून तो म्हणाला, "ठीक आहे. इकडच्या रानात मिळेल तोवर इकडेच मारीन. पण ज्या दिवशी दादाच्या हंडीत मांस कमी पडेल, त्या दिवशी मी नदी ओलांडणार. मग पाय धरू नकोस."

अमरकाने चुलीपाशी बसून हे ऐकले.

त्या दिवसापासून पिंगल लांबलांबच्या डोंगरांवर धावू लागला. दिसेल ते मारू लागला. गाभण हरणीवरही त्याचा हात थांबला नाही. कुणी बोलले की तो अंगावर जाई. देवाला शिव्या देई, पावसाला देई, दादाच्या भाल्यालाही देई. मारलेले जनावर चुलीपुढे आपटून म्हणे, "घे काका. शिजव. सगळं शिजव."

अमरक सगळे शिजवत नसे. एक वाटा हंडीत घाली. उरलेल्याला मीठ चोळून तो त्याच्या पट्ट्या माळ्यावर धुराला टांगी. हंडी भरायला कच्चा फणस घेई, सुरण घेई, वाल घेई. फणसाचे तुकडे तो मांसासारखेच कापी, चरबीत परती, आले आणि मिरे ठेचून लावी, आणि मांसाच्या रसात मुरवी. अळू आणि अंबाडी तळाशी जात. मांसाचे दोनचार तुकडे वर राहत. हंडी दारात ठेवली की भरलेली दिसे.

पुढे पिंगल रिकाम्या हाताने परतू लागला. तरी हंडी भरलेलीच. त्याने विचारले तर मुंडिका म्हणे, "आधीचं आहे थोडं." तो बोटे चाटून जेवी आणि म्हणे, "काका, हे डोंगराकडचं मांस मऊ असतं नाही?"

"मऊ असतं," मुंडिका म्हणे आणि तोंड फिरवी.

एकदा बाण तासायला त्याने काकाची सुरी घेतली. ती बोटांना चिकटली. त्याने पाते हुंगले. फणसाचा चीक होता.

त्याने हंडीला लाथ मारली. ती कलंडली आणि निम्मे कालवण अंगणात सांडले.

"दादाच्या घरात फणस! मला फसवलंस, लंगड्या! सगळ्या वस्तीला फसवलंस! दादा हंडीसाठी मेला आणि तू त्याच हंडीत पाला घालतोस?"

अमरक म्हणाला, "हो, घालतो."

"लाज नाही वाटत?"

"तुझी आई तुझे पाय धरून बसली होती, तेव्हा तू तिला अट घातलीस. हंडीत कमी पडलं तर जाईन म्हणालास. मी कमी पडू दिलं नाही. वर ये."

तो अधू पाय ओढत माळ्यावर चढला. चिडलेला पिंगल मागून चढला. आढ्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मांसाच्या सुकलेल्या पट्ट्या टांगलेल्या होत्या.

"तू आणलेलं आहे," अमरक म्हणाला. "आम्हाला लागलं नाही. पाऊस सरेपर्यंत पुरेल. आता तुला नदीपलीकडे जायचं असेल तर जा. मी लंगडा, मला अडवता येणार नाही. पण हंडीसाठी जातो असं म्हणू नकोस. हंडीला तू नकोस. आम्हाला हवा आहेस."

पिंगल त्या पट्ट्यांकडे पाहत राहिला. मग खाली उतरून अंगणात बसला. मातीत पडलेला फणसाचा तुकडा त्याने उचलला, पुसला आणि तोंडात घातला. चावता चावता तो रडू लागला. खदिर गेल्यापासून पहिल्यांदाच.

मुंडिका जवळ आली, तशी हुंदक्यातच तो म्हणाला, "मीठ कमी आहे."

"तूच घाल मग," ती म्हणाली.

पिंगलने हंडी सरळ केली. मीठ घातले. आणि या खेपेला मांसाचे तुकडे पळीने तळाशी ढकलून फणस, वाल आणि अळू वर काढले. तशीच हंडी त्याने दारात ठेवली आणि शेजारी भाला मांडीवर घेऊन बसला.

कोरक आलाच. त्याने डोकावले आणि म्हणाला, "अरे वा! शेळ्यांचं जेवण!"

पिंगलची मूठ भाल्यावर आवळली. अमरक दारात उभा होता.  त्याने फक्त पळी पुढे केली.

पिंगलने भाला जमिनीवर टाकला, पळी घेतली, पानावर कालवण वाढले आणि कोरकाच्या छातीशी धरले.

"खा. इथंच, माझ्यासमोर. माझा दादा डुकराने नाही मारला, कोरक. तो तुझ्या हसण्यानं मेला. खा, आणि मग हस."

कोरकाने एक घास घेतला. मग दुसरा. तो हसला नाही. पान रिकामे करून खाली मान घालून निघून गेला.

दुसऱ्या संध्याकाळी कोरकाच्या दारातल्या हंडीवर झाकण होते. आत काय शिजले होते ते कोणी विचारले नाही. हळूहळू इतर दारांतही झाकणे आली. त्या पावसाळ्यात वस्तीतले कोणीही बोरूच्या बेटात गेले नाही. पिंगलचा राग गेला असे नाही. तो रोज उठे, रोज भडके, आणि भडकला की फणसाच्या झाडावर चढे. सर्वांत उंचावरचा फणस उतरवून काकापुढे आदळी.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, भाऊ वारल्याच्या संतापात ज्या तरुण भिक्खूने आज भाजीचे भिक्षापात्र भिरकावून दिले, तोच त्या जन्मी पिंगल होता. ते पात्र पाहून हसणारा भिक्खू कोरक होता. रोज दारात उभी राहून त्याला भिक्षा वाढणारी वृद्ध उपासिका मुंडिका होती. खदिर कुठे जन्मला, हे विचारू नका. गेलेल्या भावाचे दुःख या तरुणाला अजून पुरते करू द्या. आणि लाथ मारलेल्या हंडीपाशी पळी घेऊन उभा राहिलेला अमरक तो मीच." मग त्यांनी त्या तरुणाचे पात्र स्वतः उचलून आणले, धुतले आणि त्याच्या हाती दिले. दुसऱ्याचा राग असा सोसून घेणे, याला क्षांती म्हणतात.