भर दुपारी बंद केलेला सर्व्हर

गोष्ट फार जुनी नाही. औषधांचा एक मोठा घाऊक व्यापारी होता. गावोगावी त्याच्या वखारी होत्या आणि त्या सगळ्यांचा कारभार शहरातल्या कचेरीतील सर्व्हरांवर चाले. त्या सर्व्हरांची राखण एक वृद्ध गृहस्थ करीत. हुद्दा काहीही असो, सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. हुशार, कष्टाळू आणि आतून जळणारा.

जळण्याचे कारण शाल्मली. खरे तर अशा गोष्टींत कुणाला नाव नसते, पण शिष्याच्या डोक्यात हे एकच नाव दिवसभर घोळत असे, त्यामुळे ते घेतल्यावाचून गत्यंतर नाही. ती मागाहून आली. पहिले धडे तिला शिष्यानेच दिले. पुढे गुरुजी तिला ‘छान’ म्हणू लागले आणि शिष्याच्या पोटात दुखू लागले. ती हसली की त्याला वाटे, आपल्यालाच हसली. गुरुजींनी तिला चहा विचारला की याच्या हातातला चहा कडू होई. त्यातच गुरुजी निवृत्त व्हायचे होते आणि त्यांची खुर्ची दोघांपैकी एकालाच मिळणार होती.

“तिच्याविषयी तुझ्या मनात काही नाही ना?” गुरुजींनी एकदा विचारलेही.

“छे हो, अजिबात नाही,” शिष्य म्हणाला, आणि इतक्या चटकन म्हणाला की त्याचे त्यालाच ते खरे वाटले.

एके सकाळी बातमी आली की लॉगिनच्या व्यवस्थेत भोक सापडले आहे. नाव खरे असले की पासवर्ड कोणताही चाले, दार उघडे. कुणीही परका आत शिरून एका गावचे इन्सुलिन दुसऱ्याच गावी वळवू शकला असता. भोक बुजवायला पॅचही आला होता. त्याला आपण ठिगळ म्हणू. गुरुजींनी अर्धे सर्व्हर शिष्याला दिले, अर्धे शाल्मलीला.

शिष्याने भराभरा ठिगळे लावली. एक डोळा कामावर, दुसरा शाल्मलीवर. ती एकेका वखारीला फोन करून “थोडा वेळ काम थांबवा” अशी विनवणी करीत होती आणि पलीकडून लोक तिच्यावर खेकसत होते. ते ऐकून शिष्याला फार बरे वाटले. जेवणाच्या सुट्टीआधीच तो गुरुजींपुढे जाऊन उभा राहिला. योगायोगाने वखारींचे मालक शेठही तिथेच होते.

“माझं झालं, गुरुजी. तिचं अजून चाललंय,” तो म्हणाला. तिच्याविषयी कुणी विचारले नव्हते.

“शाबास!” शेठ म्हणाले.

गुरुजींनी कीबोर्ड पुढे ओढला. शिष्याच्या सर्व्हरवर त्यांनी शेठचे नाव टाकले, पासवर्डच्या जागी ‘आमटीभात’ असे लिहिले, आणि दार उघडले. शेठच्या खरेदीचे सगळे भाव समोर! शेठचा चेहरा पांढराफटक पडला.

“मी लावलंय ठिगळ! नवी आवृत्ती दिसतेय बघा,” शिष्य ओरडला, आणि मग तोंडून निघायला नको ते निघाले. “शाल्मलीनंच काहीतरी केलं असणार.”

फोन कानाला लावलेली शाल्मली जागच्या जागी थिजली.

यावर गुरुजींनी काय करावे? भर दुपारी, वखारींत माल भरणे चालू असताना, त्यांनी तो सर्व्हर सरळ बंद करून टाकला.

“अहो गुरुजी, धंदा बुडवता की काय!” शेठ किंचाळले. फोन खणखणू लागले. थोड्या वेळाने गुरुजींनी सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि पुन्हा ‘आमटीभात’ लिहिले. या वेळी दार उघडले नाही.

“तू खोटं बोलला नाहीस,” ते शिष्याला म्हणाले. “ठिगळ लागलं होतं. पण सर्व्हर सुरू होताना जे उचलतो, तेच धरून बसतो. शेजारी नवं कितीही आणून ठेव, तो जुनंच चालवतो. त्याला एकदा थांबवावं लागतं. थांबवायचं तर लोकांची बोलणी खावी लागतात आणि थोडं मागंही पडावं लागतं.” मग शाल्मलीकडे वळून त्यांनी विचारले, “हे तुला कुणी शिकवलं गं?”

“दादांनीच,” शिष्याकडे बघत ती हळूच म्हणाली. “मी नवीन होते तेव्हा.”

शिष्याने मान खाली घातली. त्याला ठाऊक नव्हते असे नव्हतेच. ती पुढे जाईल या धास्तीने त्याने स्वतःचाच धडा गाळला होता.

“मनात काही नाही, असं मला सांगितलंस तेव्हाही तू खोटं बोलला नव्हतास,” गुरुजी म्हणाले. “तेही ठिगळच होतं. आत जुनंच चालू राहिलं.”

शेठ कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, “ते राहू द्या हो. तुमच्या खुर्चीवर कुणाला बसवायचं, तेवढं सांगा.”

गुरुजींनी शिष्याकडे पाहिले. “तूच सांग.”

खिडकीजवळची ती खुर्ची शिष्याने मनातल्या मनात कितीदा तरी स्वतःची केली होती.

“शाल्मलीला द्या,” तो म्हणाला. “आणि मघाशी मी तिचं नाव घेतलं, ते खोटं होतं.”

हे बोलताना त्याच्या आतले सगळे क्षणभर बंद पडले. मग हळूहळू सुरू झाले. आपले उरलेले सर्व्हर थांबवायचे म्हणून त्याने फोन उचलला आणि पहिल्या वखारीला थोडा वेळ काम थांबवण्याची विनंती केली. पलीकडचा माणूस खेकसला. शिष्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.