रिकाम्या सिंहासनाचे उत्तर

एका राज्यात राजा नव्हता, आणि राजा नसल्याचे दुःखही कुणाला नव्हते. पण सिंहासन होते, आणि सगळे भांडण त्या सिंहासनावरून होते.

ते सिंहासन कालमुख नावाच्या मांत्रिकाचे. सत्तर वर्षे त्याने त्या भूमीवर राज्य केले आणि लोकांकडून धान्य घेतले, मुले घेतली, हवे तेव्हा सावल्याही घेतल्या. मग तिघेजण उभे राहिले. शार्दूलसेन सेनापतीने त्याच्या गडाचा लोखंडी दरवाजा पाडला. नदीवरच्या नावाड्यांची नायकीण मेघांबा हिने एकमेकांची तोंडे न पाहणारी सात खोरी एकत्र आणली. आणि कालमुख मेल्यावर आचार्य सुनीथांनी राज्याचे नियम लिहिले, ते सातही खोऱ्यांनी मान्य केले. प्रत्येक खोऱ्याचा एक पंच, आणि पंचांनी मिळून कारभार करायचा, असे ठरले.

मरताना कालमुखाने सिंहासनावर हात ठेवून म्हटले होते, "तुमच्यात जो या राज्यासाठी सर्वांत अधिक करील, त्याचा वारस इथे बसो. खोटा दावेदार शिळा होवो."

तिघांनी तिकडे पाठ फिरवली आणि ते आपापल्या कामाला लागले. बारा वर्षे झाली. शार्दूलसेन वारला, सुनीथ वारले. मेघांबा म्हातारी झाली. आणि नगरातल्या तीन पेठांत तीन पोवाडे गायले जाऊ लागले. सैनिकांच्या पेठेत म्हणत, सगळे शार्दूलसेनाने केले. पंडितांच्या पेठेत म्हणत, सुनीथांनी. नावाड्यांच्या पेठेत म्हणत, मेघांबेने. आधी लोक गात होते, मग भांडू लागले, मग पेठांमधले पूल बंद झाले.

शार्दूलसेनाचा मुलगा अश्वकेतू हा शांत स्वभावाचा माणूस. घोड्यांची निगा राखावी, संध्याकाळी बायकोशी चार गोष्टी बोलाव्यात, एवढेच त्याला आवडे. पण पेठेतली माणसे रोज दारात येऊन बसत. एके सकाळी तो उठला, दरबारात गेला, "माझ्या वडिलांनी दरवाजा पाडला" असे म्हणाला आणि सिंहासनावर बसला. पायांपासून वर चढत दगड त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचला. लोकांनी ती शिळा उतरवून बाजूला ठेवली. महिन्याने सुनीथांचा शिष्य प्रज्ञाधर बसला. त्याचेही तेच झाले, आणि त्यालाही अश्वकेतूशेजारी ठेवले.

त्या दिवसापासून नगरातले पाणी जड होऊ लागले. विहिरीतून पोहरा वर येईना, दोर तुटू लागले. गाई पाण्यात तोंड घालत आणि एक घोट घेऊन मान टाकत.

अश्वकेतूची बायको सुवीणा ही मेघांबेची मुलगी. ती रोज दरबारात जाई, नवऱ्याच्या दगडी गुडघ्यावरची धूळ पदराने पुसे आणि परत येई. एक दिवस नावाड्यांची पेठ तिच्या दारात आली.

त्यांचा म्होरक्या म्हणाला, "दोघे खोटे ठरले. आता उरली फक्त तुझी आई. तू बस."

सुवीणा म्हणाली, "आणि मीही शिळा झाले तर?"

"तू कशी होशील? सगळे मेघांबेनेच केले आहे."

"ते मला ठाऊक नाही. मला एक महिना द्या."

कालमुखाच्या पडक्या बुरुजावर एक धनेश पक्षी राहत असे. पिवळी चोच, पांढऱ्या भुवया, वय दोनशे वर्षे. सुवीणा बुरुज चढून त्याच्याकडे गेली आणि हात जोडून उभी राहिली.

धनेश म्हणाला, "कालमुख मेला तेव्हा मी त्याच्या खांद्यावर होतो. विचार."

"तिघांत कुणी अधिक केले?"

"ते मी सांगून शाप सुटत नाही. ज्याला त्यातून राज्य नको अशा माणसाने ते शोधावे आणि सर्वांसमोर बोलावे. तीन ठिकाणी जा. पोवाडे गाणाऱ्यांना विचारू नकोस. गडाच्या पडलेल्या दरवाजाला विचार. सुनीथ ज्या तळ्याकाठी लिहीत, त्या तळ्यातल्या माशांना विचार. आणि आठव्या खोऱ्यात जा."

"खोरी तर सात आहेत."

"आठ होती," धनेश म्हणाला. "ऐकशील ते सगळे सांग. आपल्या माणसाचे एक वाक्य जरी गाळलेस तरी नवऱ्याशेजारी उभी राहशील."

सुवीणा आईकडे गेली. मेघांबा अंगणात जाळे विणत होती. आठव्या खोऱ्याचे नाव काढताच तिचे हात थांबले.

"पहिल्या दोन ठिकाणी जा," ती म्हणाली. "तिसऱ्या ठिकाणी जाऊ नकोस."

"का, आई?"

मेघांबेने पुन्हा विणायला सुरुवात केली.

सुवीणा चार दिवस चालून गडाच्या पायथ्याशी पोचली. लोखंडी दरवाजा गवतात उताणा पडला होता. तिने विचारले तेव्हा तो म्हणाला, "माझ्या पडण्याचा पोवाडा तुमच्याकडे गातात. तो गाऊन दाखव."

तिने गायला. सासऱ्यांचाच पोवाडा तो, तिला तोंडपाठ होता. पण प्रत्येक खोट्या ओळीला दरवाजा असा कण्हे की झाडांवरची पाखरे उडून जात. ती एकेक ओळ सोडत गेली. आकाशातून आलेली तलवार गेली, सिंहाची डरकाळी गेली, एका घावात झालेले दोन तुकडे गेले. सहाव्या वेळी गाणे चार ओळींचे उरले आणि दरवाजा गप्प राहिला.

मग तो म्हणाला, "तो दोनदा घाबरून मागे फिरला. तिसऱ्यांदा आला तेव्हाही घाबरलेलाच होता, पण आला. खांदा लावून मला पाडला. त्याचा खांदा मोडला, पुन्हा कधी नीट झाला नाही. मी तेव्हाच पडलो नसतो तर कालमुख आणखी वीस वर्षे जगला असता. हे ध्यानात ठेव. आणि हेही ठेव, की आत आल्यावर रागाच्या भरात त्याने धान्याची कोठारे पेटवली. त्या हिवाळ्यात तुमचीच माणसे उपाशी मेली."

दरवाजाने तिला आपला एक खिळा दिला.

तिथून ती तळ्यावर गेली. मासे म्हणाले, "आम्ही थंड पाण्यातले. आमच्यात गळ्यापर्यंत उभी राहा, तरच आमचे बोलणे ऐकू येईल." ती सूर्योदयापासून उन्हे उतरेपर्यंत उभी राहिली. ओठ निळे पडले. मग मासे तिच्याभोवती गोळा झाले.

"सुनीथ इथे अकरा महिने बसले," एक मासा म्हणाला. "चाळीस वेळा नियम लिहिले आणि चाळीस वेळा ताडपत्र धुऊन टाकले. कोळ्याची बायको, मेंढपाळ, चोर, सगळ्यांना ते वाचून दाखवत. ज्याला कळले नाही त्याच्यासाठी पुन्हा लिहीत."

दुसरा म्हणाला, "कोठारे जळाली त्याच हिवाळ्यात उपाशी माणसे त्यांच्या दारात आली. घरात धान्य होते. लेखन चालू आहे, असे सांगून त्यांनी दार लावून घेतले."

तिसरा मासा तोंडात एक ताडपत्र धरून वर आला. "हे नियमांचे शेवटचे पान. सातही पंचांच्या खुणा यावर आहेत. आचार्य वारल्यावर प्रज्ञाधराने हे इथे बुडवले."

सुवीणेने ते पान वाचले, पुन्हा वाचले, आणि खिळ्याबरोबर पदराच्या गाठीत बांधले.

आठवे खोरे डोंगरापलीकडे होते. वाट बुजली होती. ती खाली उतरली तेव्हा भर दुपार होती, आणि शेतात माणसे राबत होती. त्यांतल्या एकाच्याही पायाशी सावली नव्हती.

एक म्हातारी बांधावर बसून नाचणीची कणसे खुडत होती. तिचे नाव भिवरा. तिने सुवीणेला पाणी दिले, भाकरी दिली, आणि मग विचारले, "कुणाची गं तू, पोरी?"

सुवीणेला वाटले, दुसरे काही नाव सांगावे. पण पाणी पिऊन झाले होते. ती म्हणाली, "मेघांबेची."

भिवरेने हातातले कणीस खाली ठेवले.

"सात खोरी एकत्र करायला तुझ्या आईला तीन वर्षे लागली," ती म्हणाली. "तिच्यासारखी माणूस जोडणारी मी पाहिली नाही. आमच्याकडेही आली होती, याच बांधावर बसली होती. आम्ही तिला हो म्हटले होते. पण कालमुखाला वास लागला. तो तिला म्हणाला, मला एक खोरे दे, मी बाकीच्यांकडे वर्षभर बघणार नाही. तिला ते वर्ष हवे होते. तिने आमचे दिले."

सुवीणेने शेतातल्या माणसांच्या पायांकडे पाहिले.

"त्याने आमच्या सावल्या नेल्या. सावली नसलेल्या माणसाचे मूल जगत नाही, पोरी. माझी दोन गेली. कालमुख मेल्यावर आम्हाला वाटले, आता कुणी येईल. बारा वर्षांत कुणी आले नाही. तूच पहिली."

"आजी, मी काय करू?"

"मला काय विचारतेस? तुझी आई तुला काय म्हणाली?"

"म्हणाली, तिकडे जाऊ नकोस."

भिवरेने खुडलेली कणसे गोळा केली. मग म्हणाली, "मग लाज तरी आहे तिला." ती उठली, काठी घेतली. "मी येते तुझ्याबरोबर. तू वाक्य गाळलेस तर सांगायला कुणी हवे."

महिना भरला त्या दिवशी बंद पूल उघडले आणि तिन्ही पेठा दरबारात आल्या. मेघांबाही आली, खांबाला टेकून उभी राहिली. सुवीणेने सिंहासनापुढे खिळा ठेवला, ताडपत्र हाती घेतले, आणि दरवाजाचे, माशांचे सगळे सांगितले. कोठारांचे सांगताना सैनिकांची पेठ ओरडली. लावलेल्या दाराचे सांगताना पंडितांची पेठ ओरडली. मग आठव्या खोऱ्यापाशी येऊन ती थांबली. तिने आईकडे पाहिले. नखांपासून दगड तिच्या बोटांत चढू लागला.

"सांग, सुवीणे," मेघांबा म्हणाली.

तिने सांगितले. दगड उतरला. नावाड्यांच्या पेठेतून कुणी ओरडले, "खोटे आहे!"

मेघांबा म्हणाली, "खरे आहे. सात वाचावीत म्हणून मी एक दिले. तेव्हाही ते बरोबर आहे असे वाटले नव्हते. नंतर तिकडे जायचे धैर्य झाले नाही, हे त्याहून वाईट."

तेवढ्यात सिंहासनातून कालमुखाचा आवाज आला. "तिघांचे दोष ऐकले. मी दोष विचारले नव्हते. अधिक कुणी केले?"

सुवीणा म्हणाली, "आईने माणसे जोडली नसती, तर शार्दूलसेनांच्या मागे कुणी उभे राहिले नसते. शार्दूलसेनांनी दरवाजा पाडला नसता, तर सुनीथांना लिहायला राज्यच नसते. म्हणून त्या दोघांचे काम आधीचे. पण आधीचे ते अधिकच असते, असे मला वाटत नाही. दरवाजा एकदा पडला. खोरी जोडली गेली, आणि बारा वर्षांत तीन पेठांचे पूलही बंद झाले. पण आज कुणी माझी गाय ओढून नेली, तर मी कोणत्याही खोऱ्यात दाद मागू शकते, आणि पंचाला ऐकावे लागते. आपण एवढे भांडलो, तरी एकमेकांची घरे जाळली नाहीत, कारण तसा नियम आहे आणि तो आपल्याला पाठ आहे. अधिक केले ते सुनीथांनी. माझ्या सासऱ्यांनी नाही, माझ्या आईनेही नाही."

"उत्तर बरोबर," सिंहासन म्हणाले. त्या आवाजात आनंद होता. "तर मग सुनीथाचा वारस आणा. बसवा त्याला."

पंडितांच्या पेठेतून चौघे एकदम पुढे सरसावले. सैनिकांच्या पेठेत हात तलवारींवर गेले. तेव्हा सुवीणेला कळले की कालमुखाने काय मागे ठेवले होते. खरे उत्तर मिळाले, तरी त्यातून भांडणच निघावे.

"थांबा," ती म्हणाली आणि तिने ताडपत्र वाचले. "ज्याने राज्य घडवले, त्याचा मान राज्याने राखावा. पण त्या कामावर त्याच्या मुलाचा, शिष्याचा किंवा पेठेचा हक्क नाही. खाली सात खुणा." तिने मान वर केली. "हे सुनीथांनीच लिहिले. ज्यांनी अधिक केले, त्यांनीच सांगितले आहे की आमच्यामागे कुणी बसू नये. यांना वारस नाही. म्हणूनच प्रज्ञाधरही शिळा झाला."

सिंहासन वाट पाहत राहिले. कुणीही पुढे आले नाही. ते चौघेही जागच्या जागी उभे राहिले, त्यांतला एक तर दोन पावले मागे सरला. मग सिंहासनाच्या पाठीला तडा गेला, तो खालपर्यंत आला, आणि सगळे आसन राखेसारखे जमिनीवर बसले.

अश्वकेतूने डोळे उघडले. त्याच्या शेजारी प्रज्ञाधर खोकला, त्याने ताडपत्राकडे पाहिले आणि मान खाली घातली. बाहेर विहिरीवर कुणाचा तरी पोहरा सरसर वर आला. दरबाराच्या दारातून ऊन आत येत होते, आणि भिवरेच्या पायाशी तिची सावली पडली होती. ती वाकून त्या सावलीकडे बघत राहिली.

"किती दिवस गेले?" अश्वकेतूने विचारले.

"पुष्कळ," सुवीणा म्हणाली. "घोडे बरे आहेत." मग तिला रडू आले.

पंच बसले. आठव्या खोऱ्याला पंचाचा पाट मिळाला, आणि बारा वर्षे तिकडे न फिरकल्याबद्दल सातही खोऱ्यांनी तिथला रस्ता आपल्या हातांनी बांधून द्यावा असे ठरले. पोवाडे बंद झाले नाहीत. मात्र आता तिन्ही पेठांत एकच पोवाडा गातात, आणि त्यात जळलेली कोठारे, लावलेले दार आणि दिलेले खोरे येते. मुले विचारतात, मोठी माणसे सांगतात.

पंच बसले त्याच संध्याकाळी मेघांबा भिवरेपुढे येऊन उभी राहिली. तिच्या हातात एक गाठोडे होते.

"मला तुझ्या खोऱ्यात यायचे आहे," ती म्हणाली. "क्षमा मागायला नाही. रस्त्याच्या कामाला."

भिवरेने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"दगड उचलता येतील या वयात?"

"लहान उचलेन."

भिवरेने काठी सावरली. "चल," ती म्हणाली. "पण पुढे मी चालेन."