शेटजींनी पारखलेली न्याहारी

एकदा एका धान्याच्या व्यापाऱ्याने न्याहारीकडे पाठ फिरवली. माणूस खाण्याच्या बाबतीत चोखंदळ होता, पण उपाशी राहणारा नव्हता. बाजारपेठेच्या त्या गावात त्यांची आडत होती आणि सौदा ठरण्यापूर्वी शेटजी पोत्यात हात घालून चार दाणे तोंडात टाकत. दाताखाली दाणा कसा फुटतो यावरून माल ओला की वाळलेला, नवा की जुना, हे ते सांगत. त्यांनी मान हलवली की पेठेत दुसऱ्या कुणी तो माल तपासत नसे.

मग त्यांना हृदयविकाराचा सौम्य झटका आला. बरे होऊन ते घरी परतले तेव्हा डॉक्टरांनी मुलाला सांगितले की, सकाळी ओट्स द्या, मीठ बेताचे ठेवा आणि घरातल्या घरात त्यांना हिंडू-फिरू द्या, लहानसहान कामे करू द्या. घरात बापलेक दोघेच. मुलगा फार भला, जरा जास्तच भला. त्याने पहिली सूचना तंतोतंत पाळली, दुसरीतले मीठ साफ बंद केले आणि तिसरी त्याच्या कानात शिरलीच नाही.

रोज पहाटे उठून तो पाकिटातले लाटलेले ओट्स दुधापाण्यात शिजवी. गुठळी राहू नये म्हणून सारखा ढवळत राही. मग तो पांढरा, मऊ लगदा वाटीत घेऊन वडिलांच्या पलंगापाशी बसे आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेई. सुरुवातीला शेटजींनी निमूटपणे खाल्ले. पुढे ते दोन चमच्यांवर आले, मग एकावर, आणि शेवटी म्हणू लागले, "ठेव तिथं, खातो मग." वाटीवर साय धरे आणि दुपारी ती तशीच मोरीत जाई. शेटजींच्या सदऱ्याची गळपट्टी सैल झाली. आडतीवरचा मुनीम भाव सांगायला आला, तर ते भिंतीकडे तोंड करून झोपल्यासारखे पडून राहत. मुलाच्या मनात भीतीने घर केले.

हा मुलगा गावाबाहेर राहणाऱ्या एका वृद्ध गुरुजींचा शिष्य होता. एके संध्याकाळी अभ्यासाला बसला आणि त्याला पुढे वाचवेना. म्हणाला, "गुरुजी, मी त्यांच्यासाठी करायचं काही शिल्लक ठेवलेलं नाही. तरी ते जगायचं सोडून देतायत असं वाटतं. माझी सेवा कुठं कमी पडते?"

गुरुजींनी थेट उत्तर दिले नाही. म्हणाले, "चल, बाजारातून सामान आणू."

दुकानात शिष्याने सवयीने नेहमीच्या पाकिटाला हात घातला. गुरुजींनी तो बाजूला सारला आणि मागच्या फळीवरचे धुळकट पाकीट काढायला लावले. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, हे स्टील कट ओट्स. यात दाणा लाटत नाहीत, पोलादी पात्यानं त्याचे दोन-तीन तुकडे करतात. शिजायला अर्धा तास खातं, म्हणून कुणी नेत नाही. आणि चावावं लागतं बरं का."

"चावावं लागतं ना? मग हेच द्या," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी ते पाकीट घेऊन शिष्याच्या घरी आले. शिष्याने पातेल्यात पाणी ठेवले आणि पाकिटासाठी हात पुढे केला. पण गुरुजी स्वयंपाकघरात थांबलेच नाहीत. ते थेट पलंगापाशी गेले, पाकीट फोडले आणि कच्च्या कण्यांची मूठ शेटजींच्या तळहातावर ओतली. "शेटजी, माल बघा," ते म्हणाले.

शिष्य दारातच थबकला. आजाऱ्याला भेटायला जाताना लोक संत्री-मोसंबी नेतात, आणि गुरुजींनी ही कच्ची कणी त्यांच्या हातावर ठेवावी, हे त्याला काही उमजेना. "गुरुजी, त्यांना ते सोसायचं नाही," असे तो म्हणू लागला, तोवर शेटजींचा अंगठा कण्यांवरून फिरू लागला होता. त्यांनी तळहात उजेडाकडे केला, हलकी फुंकर मारली, चार कण्या तोंडात टाकल्या आणि पुढच्या दातांनी त्या फोडल्या. खोलीत तेवढा एकच आवाज झाला.

"दाणा कोरडा आहे," शेटजी उशीला टेकून सरळ बसत म्हणाले. "थोडा भाजलेला दिसतो, वास येतोय. पण चाळलाय वाईट, खाली नुसता भुगा. कुणाकडनं आणला?"

"आणला मीच, बाजारातून. शिजवायचा कसा ते मात्र तुम्हीच सांगा."

"सांगायचं काय त्यात? ज्वारीच्या कण्यांचीच जात ही. तुपावर जरा परतायच्या, आधणात सोडायच्या, झाकण तिरकं ठेवायचं आणि मग त्यांच्या वाटेला जायचं नाही. पण हा पोरगा ढवळून ढवळून खळ करतो. भिंतीवर कागद चिकटवायला बरी."

"म्हणूनच त्याला मी बाहेर घेऊन चाललोय," गुरुजी म्हणाले, आणि शिष्याचा दंड धरून त्याला खरोखरच अंगणात घेऊन गेले.

दोघे पायरीवर बसले. आत पलंग कुरकुरला. सावकाश पावले स्वयंपाकघराकडे गेली. भांडे वाजले. शिष्य उठला, गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवले. शेटजी खोकले, आणि पुन्हा तेच झाले. मग तुपात जिरे तडतडल्याचा वास अंगणात आला. बराच वेळ काहीच ऐकू येईना, आणि ती शांतता शिष्याला सर्वांत अवघड गेली. एवढ्यात आतून हाक आली, "अरे, ताक कुठं ठेवलंयस?"

"फ्रीजमध्ये, आबा, खालच्या कप्प्यात. थांबा, मी..."

"सांगितलंस ना?" गुरुजी म्हणाले. "मग बस आता."

अर्ध्या तासाहून जरा अधिकच वेळ गेला असेल. शेटजींनी दोघांना आत बोलावले. तीन वाट्या मांडलेल्या होत्या. प्रत्येक कणी मऊ शिजून फुलली होती, तरी वेगळी होती. वर घट्ट ताक, जिरे, कढीपत्त्याची दोन पाने आणि चवीपुरते मीठ. "तळाला थोडं लागलंय," शेटजी म्हणाले. "हात बसला नाही अजून." मग ते खाऊ लागले. सावकाश, एकेक घास चावत, डोळे अर्धवट मिटून. वाटी संपली तेव्हा त्यांनी ती बोटाने पुसून घेतली. शिष्याने आपल्या वाटीला अजून हात लावला नव्हता. त्याचे डोळे भरून आले होते.

"आबा, मी इतके दिवस देत होतो ते का नाही खाल्लंत?"

शेटजींनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "माझ्या आईला शेवटी शेवटी मी असंच भरवायचो. पांढरं, मऊ, चमच्यानं. सकाळी तू वाटी घेऊन आलास की मला वाटायचं, याला कळलंय, आपले थोडेच दिवस उरलेत. तुला कसं विचारणार?"

शिष्याने गुरुजींकडे पाहिले.

गुरुजी म्हणाले, "तुझ्या प्रेमात खोट नव्हती. पण ज्या माणसानं आयुष्यभर दाताखाली दाणा पारखला, त्याच्या दातांना तू काम ठेवलं नाहीस आणि हातांनाही नाही. धान्य शिजताना आपण जवळ असावं, लक्षही ठेवावं. पण सारखी पळी फिरवली तर त्याचा आकारच राहत नाही. माणसाचंही तसंच होतं. आजार त्यांचा कधीच ओसरला होता. तो या घरात राहिला होता तुझ्या त्या चमच्यात." इतके बोलून त्यांनी आपली वाटी पुढे केली. "शेटजी, अजून आहे का थोडं?"

"आहे की," शेटजी म्हणाले आणि वाढायला स्वतः उठले. शिष्य जागचा हलला नाही. त्याने पहिला घास घेतला आणि तळाला लागल्याचा तो किंचित करपट स्वादही त्याला गोड लागला. त्या सकाळी तिघेही पोटभर जेवल्यासारखे तृप्त होऊन बसले होते. मुनीम आला, तेव्हा शेटजींनीच त्याला आधी हरभऱ्याचा भाव विचारला.

आपल्या प्रेमाच्या माणसाच्या हातून आपण काय काय काढून घेतले आहे, हे अधूनमधून पाहावे. त्या शिष्याने ते दुसऱ्याच दिवशी पाहिले. पहाटे नेहमीच्या वेळी त्याला जाग आली. स्वयंपाकघरात दिवा लागला होता, पातेले ठेवल्याचा आवाज येत होता. तो उठून बसला, पाय जमिनीला टेकले, आणि मग त्याने ते पुन्हा वर घेतले. पांघरूण ओढून तो जागाच पडून राहिला. किती दिवसांत त्याला असे निवांत वाटले नव्हते.

"अरे, उठतोस का?" थोड्या वेळाने आतून आवाज आला. "गरम आहे तोवर ये."