उतरायचा दगड

एका नदीकाठी कवठाळी नावाचे एक गाव होते. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या राजांनी ठरवले होते, की ही नदीच आपली शीव. पण नदी भारी लहरी. मोठा पूर आला की पात्र बदलायची आणि कवठाळी या राजाकडून त्या राजाकडे जायची. गावकऱ्यांनी त्याचे कधी वाईट वाटून घेतले नाही. त्यांच्या पेटीत दोन्ही झेंडे घडी करून ठेवलेले असत.

एका वर्षी नदीला दोन फाटे फुटले आणि गाव मधोमध बेटावर राहिले. आता ते कोणाचेच नव्हते. तेव्हा गावचे पाटील गोंदजी स्वतःच राजा झाले. माणूस मनाचा मोठा, पण नव्या फेट्याने डोके जरा जड झाले होते. त्यांनी घाटावर शिवेचा चौकोनी दगड रोवला, शिक्का बनवून घेतला आणि डोमाजी रखवालदाराला बजावले, "शिक्क्याचा परवाना नसेल, तर माझा सख्खा भाऊ आला तरी उतरू द्यायचा नाही."

त्यांची बायको तान्हूबाई म्हणाली, "अवो, सगुणा पहिल्या बाळंतपणाला यायची हाय. तिला कुठला परवाना?"

"राजाच्या लेकीला कोण अडवतंय!" गोंदजी हसले आणि विसरून गेले.

आठ दिवसांनी पैलतीरावरून सगुणाची नाव आली. वाटेतच तिला कळा सुरू झाल्या होत्या. डोमाजीने तिला लहानपणी खांद्यावर खेळवले होते. तरी त्याने उतरायची फळी ओढून घेतली.

"परवाना दाव, पोरी," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"काका, मला घरी जाऊ द्या वो!" सगुणा कळवळली.

तिची हाक ऐकून गोंदजी बोडक्यानेच धावत आले. "डोमाजी, उतरव तिला!"

"शिक्का, महाराज? तुम्हीच म्हणाला व्हता, सख्खा भाऊ आला तरी..."

शिक्का घरी पेटीत होता. लेक नावेच्या काठाला घट्ट धरून बसली होती. गोंदजींना स्वतःची फार लाज वाटली. ते खाली वाकले आणि रोवलेला दगड हलवू लागले. डोमाजीने भाला फेकून दुसऱ्या बाजूने हात लावला. दोघांनी तो दगड उपटून नावेशेजारी उथळ पाण्यात टाकला. बापाच्या खांद्यावर हात ठेवून सगुणा त्या दगडावर उतरली आणि माहेरी गेली.

सांजेच्या आत नातू झाला. बातमी कळताच दोन्ही राजांचे कारकून विचारायला आले, की हे मूल कोणाची प्रजा?

तान्हूबाई तेलाची वाटी घेऊन दारातच उभी राहिली. "आधी त्याची टाळू भरू द्या. मग बघू."

पुढे पूर आले, झेंडे बदलले. गोंदजींनी फेटा ठेवून दिला. पण तो दगड कोणी पुन्हा शिवेवर नेला नाही. माहेरवाशिणी अजून त्याच्यावरच पाय ठेवून उतरतात.

तात्पर्य: राज्ये वाढतात, तुटतात, नवी उभी राहतात, पण जी शीव आपल्याच माणसाला दारात अडवते, ती राखण्यापेक्षा उपटलेली बरी.